कोरडे गलबत उपसताना

पोहरा खाली सोडायचा, जरा तिरका करायचा, वर ओढायचा आणि खाडीत ओतायचा. पुन्हा सोडायचा. पोहऱ्यात काहीच नसे. गलबताच्या तळाशी नेहमीचे वीतभर पाणी होते, पण त्याला आम्ही हात लावत नव्हतो. त्याच्या वर जे काही नव्हते, ते आम्ही पाच जण मिळून उपसत होतो. खाली गॅसच्या बाटल्यांमध्ये माझे दीर हरीभावजी पालथे पडले होते. वरून मला त्यांचा एक पाय आणि धोतराचा सोगा दिसत होता. पाय हलत नव्हता.

दामा तांडेल पोहरा हातात धरून थांबला. "मिस्त्री, चाळीस वर्सं गलबत चालवतो. पानी उपसलं, मीठ उपसलं. वारा उपसताना कुनाला बघितलं न्हाय."

"आज बघ," मिस्त्री म्हणाला. "हा वारा पाण्यासारखा खाली बसतो. तो कमी झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही."

"आन् तो मानूस?"

"म्हणूनच उपस."

मला यातले काही पटले नव्हते. वारा वर जातो हे चुलीचा धूर पाहिलेल्या कुणालाही माहीत असते. पण दुसरे काही सांगणारा माणूस गलबतावर नव्हता, म्हणून मी उपसत होते. आमच्या उजव्या हाताला तिवरांच्या झाडीत बगळे बसले होते. वारा अगदी पडला होता.

आता सगळे पहिल्यापासून सांगते. आमच्या भागातून मुंबईला गॅस आणायला गेलेली मी पहिलीच बाई असावी. गावातल्या बायका अजून विचारतात, काय काय पाहिले. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा लिहिलेले बरे. मी चौथी शिकलेली आहे. तेवढ्यात जमेल तसे लिहिते.

नागोठणे

आमचे रॉकेलचे दुकान आहे. माझे मालक वारल्यापासून मी आणि हरीभावजी ते चालवतो. ते मापे करतात, मी माल घेते. भांडण रोज होते, पण दुकान एकही दिवस बंद राहिलेले नाही.

गावाच्या कडेला इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या करण्याचा छोटा कारखाना आहे. एका लांब फळीपुढे बारा बायका बसतात. प्रत्येकीच्या समोर एक ज्योत. काचेची नळी ज्योतीत धरायची, मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. पोटाला रुंद, गळ्याला बारीक अशी कुपी तयार होते. ज्योत रॉकेलची असे, तिला पायाने भाता द्यावा लागे. ते रॉकेल आमच्याकडून जाई. आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक तेच.

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या माघात कारखान्याचे मालक दुकानात आले. म्हणाले, रॉकेलने कुपीला काजळी धरते, औषधवाले माल परत करतात. आता गॅसवर काम करायचे ठरले आहे. तुम्ही गॅस आणून देत असाल तर तुमच्याकडून घेईन, नाही तर पनवेलचा माणूस तयार आहे. हरीभावजींनी माझ्याकडे पाहिले. गॅस म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. मी म्हणाले, आणून देऊ.

त्यांचा मिस्त्री सदाशिव मुंबईला दोन महिने राहून हे काम शिकून आला होता. तिशीतला, हडकुळा, शिकून आल्यापासून जरा ताठ. त्याची बायको यशोदा त्याच कारखान्यात कुप्या ओढते. मी त्याला दुकानात बसवून विचारले, हा गॅस पाणी की वारा?

तो म्हणाला, बाटल्यात असतो तोवर पाणी, बाहेर आला की वारा.

मी विचारले, मग मोजायचा कसा? म्हणाला, वजनाने. मी म्हटले, वारा तागडीत घालता? तो म्हणाला, बाटल्यासकट. हरीभावजी हसायला लागले. मिस्त्रीला राग आला आणि तो उठून गेला. एवढेच माझे शिक्षण. पुढे चार दिवस तो बरोबर होता आणि पुष्कळ सांगत होता. त्यातले निम्मे मला कळले नाही आणि उरलेले निम्मे खरे वाटले नाही.

गिरगाव

चैत्रात आम्ही तिघे निघालो. धरमतरपर्यंत एसटी, तिथून बोट. बोटीत हरीभावजींना उलट्या झाल्या. त्याचे वर्णन करत नाही.

गिरगावात माझी भाची सुलभा दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे गॅसची शेगडी आहे म्हणून मुद्दाम तिथे उतरलो. तिने काडी ओढली, कान पिळल्यासारखे एक बटण पिळले आणि निळी ज्योत उभी राहिली. पंप नाही, वात नाही, फुंकणी नाही. चहा इतक्या लवकर झाला की बोलायला विषयच निघाला नव्हता. आपल्याकडे पाहुणा आला की लाकूड पेटेपर्यंत त्याच्या घरचे बरेवाईट सगळे विचारून होते. सुलभाच्या घरी चहा पिऊन झाला आणि मग आम्ही एकमेकींकडे बघत बसलो.

मी विचारले, बाटला संपत आला हे कसे कळते?

"संपल्यावर कळतं," ती म्हणाली.

ही धंद्याची रीत मला आवडली नाही. रॉकेलचा डबा हलवला की आत किती आहे ते हाताला कळते.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गॅसला मूळचा वास नसतो, कंपनीवाले त्यात मुद्दाम घाण वास घालतात. मी म्हटले, आपला माल आपणच कोण नासवेल? ती म्हणाली, कळावे म्हणून. काय कळावे ते विचारायच्या आत तिचे पुऱ्यांचे तेल तापले आणि ती उठली. पुऱ्या चांगल्या फुगल्या होत्या. मात्र त्यांना धुराचा वास नव्हता, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे वाटले नाही. हरीभावजींनी अकरा खाल्ल्या. बोटीत रिकामे झालेले पोट भरायचे होते, असे म्हणाले.

रस्त्यात, दुकानात, जिन्यात, जिथे गेलो तिथे मी लोकांना गॅसबद्दल विचारत होते. एकाने सांगितले विलायती आहे, एकाने सांगितले तेलाचा गाळ आहे, एकीने सांगितले की त्यावरची पोळी खाल्ली की गुडघे धरतात. वापरत सगळे होते. काय आहे ते कुणालाच माहीत नव्हते, आणि त्याचे कुणाला काही वाटत नव्हते. मला हे मुंबईचे सगळ्यांत मोठे नवल वाटले.

वखार

दुसऱ्या दिवशी गॅसच्या वखारीत गेलो. मी माझा गज बरोबर नेला होता. गज म्हणजे रॉकेलच्या पिंपात बुडवून माल किती आहे ते पाहायची काठी. माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांचे एक सांगणे होते, झाकण उघडून बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. त्यांच्या वेळी एकाने पिंपात खाली पाणी आणि वर रॉकेल घालून दिले होते.

वखारीतला कारकून गुजराती होता. त्याने गजाकडे बघितले, मग माझ्याकडे.

"माजी, आमां लाकडी नाय जाय. काटा बघा ने." यात काठी जात नाही, वजनच बघा, असे त्याचे म्हणणे.

बाटला काट्यावर चढवला. बाटल्याच्या गळ्याशी आकडे कोरलेले होते. ते लोखंडाचे वजन, म्हणाला. काट्यावरच्या वजनातून ते वजा करायचे, उरेल तो गॅस. मी विचारले, हे आकडे कोरले कुणी? म्हणाला, कंपनीने. म्हणजे विकणारा तोच आणि लोखंडाचे वजन सांगणाराही तोच. मी म्हटले, रिकामा करून दाखव. तो हसला. मिस्त्रीने मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, इथे सगळा व्यवहार असाच चालतो. लाज आणू नका."

मला ते पटले नाही. भरलेला बाटला आणि रिकामा बाटला मी दोन्ही वाजवून पाहिले. दोन्ही सारखेच वाजले असे मला वाटले. हरीभावजींना निराळे वाजल्यासारखे वाटले. त्यांना नेहमीच काहीतरी निराळे वाटते.

बारा बाटले घेतले. प्रत्येकाच्या डोक्यावर पितळेचे जाड झाकण घट्ट फिरवलेले आणि त्या झाकणाखाली उघड-बंद करायचे लहान चाक. मिस्त्रीने तीन वेळा सांगितले, झाकणाला हात लावायचा नाही.

दारूखान्याचा धक्का

रस्त्याने न्यायचे तर ठाण्याला वळसा पडतो, शिवाय गॅस म्हटल्यावर दोन ट्रकवाल्यांनी हात जोडले. म्हणून गलबत ठरवले. दामा तांडेल आमच्या ओळखीचा. साठीचा, रुंद छातीचा आगरी माणूस. त्याचे गलबत अलिबागचा पांढरा कांदा मुंबईला घेऊन जाते आणि येताना मिळेल तो माल आणते. बरोबर त्याचे दोन खलाशी, राघो आणि पोशा. राघो स्वयंपाकही करी. पोशा कमी बोले आणि सगळे ऐके.

कांदा त्याच दिवशी उतरवला होता. गलबताच्या पोटात साली पसरलेल्या आणि वास असा की डोळ्यांना पाणी यावे. मिस्त्रीने खाली पेंढा अंथरून बाटले एकेक करून उभे लावले आणि मधून दोर फिरवून बांधले. मग तो बंदराचा दाखला आणायला कचेरीत गेला.

तेवढ्या वेळात मी खाली उतरले आणि पोशाला म्हटले, झाकण काढ.

हरीभावजी वरून वाकून म्हणाले, "वहिनी, मिस्त्री नको म्हणालाय."

"मिस्त्री माल विकत घेत नाही," मी म्हणाले. "आपण घेतो."

पोशाने पान्ह्याने झाकण काढले. मी चाक थोडे फिरवले. सापासारखा फूत्कार झाला आणि माझ्या बोटांवर असे गार काही आले की भाजल्यासारखे वाटले. बोटे पांढरी पडली. मी चाक परत फिरवले. वाकून वास घेतला, पण तिथे सगळा कांद्याचाच वास होता. असे तीन बाटले पाहिले. तिन्ही फूत्कारले. म्हणजे आत काहीतरी आहे एवढी खात्री झाली. बोटे दुखायला लागली म्हणून चौथा उघडला नाही. पोशाने तिन्ही झाकणे हातानेच सैलसर परत बसवली. चाके मी बंद केली होती. म्हणजे बंद केली असे मला वाटले.

मिस्त्री परत आला तेव्हा मी धक्क्यावर बसून हात पदरात गुंडाळला होता. काय झाले त्याने विचारले. मी म्हटले, काही नाही.

वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर सिमेंटच्या गोणी रचल्या. डोलकाठीजवळ एक माणूस कसाबसा उतरेल एवढे तोंड ठेवले आणि त्यावर ताडपत्री घातली.

करंजा आणि रेवस

पहाटे ओहोटीबरोबर सुटलो. समुद्र मला आवडला नाही, पण बघण्यासारखा होता. मुंबईच्या बाजूला मोठ्या आगबोटी उभ्या, त्यांच्या बाजूने आमचे गलबत जात होते तेव्हा त्यांच्या भिंती संपता संपत नव्हत्या. डावीकडे करंज्याचा डोंगर पुष्कळ वेळ बरोबर राहिला. दामा म्हणाला, तो डोंगर मागे पडला की घर आले समज. त्याचे घर दुसऱ्याच बाजूला होते, पण तसे म्हणायची पद्धत असावी.

करंज्यापुढे गलबत लोळायला लागले. आत बाटले एकमेकांवर आपटू लागले. देवळात कुणीतरी खुळ्यासारखी घंटा वाजवावी तसा आवाज. मिस्त्री आडवा झाला. समुद्र त्याला बाधला होता. नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाला, डोक्याला ओले फडके बांधून तो पडला आणि मधूनच कडेवरून तोंड बाहेर काढी. हरीभावजींना या वेळी काही झाले नाही. ते मिस्त्रीच्या शेजारी बसून त्याला गिरगावच्या पुऱ्यांबद्दल सांगत होते. मी त्यांना तिथून उठवले.

दामाने राघो आणि पोशाला खाली पाठवून दोर सोडवला आणि बाटले आडवे निजवायला लावले. "उभा माल गलबतात ऱ्हात न्हाय," तो म्हणाला. "पिंप असो का मानूस." तेलाची पिंपे ते तशीच आडवी नेतात, कडेला पेंढा कोंबून. मीसुद्धा पिंपे तशीच आणवते. मिस्त्रीला विचारायला हवे होते, पण तो विचारण्यासारखा राहिला नव्हता. आवाज थांबला. मला बरे वाटले.

रेवसला भरतीची वाट पाहत नांगर टाकला. राघोने मागच्या बाजूला लाकडी पेटीत माती लिंपून केलेली चूल होती ती पेटवली आणि भात केला. सुका जवळा, त्यात कैरी आणि भरपूर मिरची. आमच्या घरी जवळा कांद्यावर परततात, हे लोक आधी कोरडा भाजतात आणि मग पाणी घालतात. त्यांची रीत चांगली आहे. मी घरी करून पाहिले. हरीभावजी तीनदा भात घेऊन म्हणाले, "राघो, तू दुकानात ये. वहिनींच्या हातचं खाऊन मी वाळलो."

"भाऊ, तुमी वाळला तर आमी काय?" राघो म्हणाला.

वारा त्या वेळी भरपूर होता. चूल पेटली होती आणि काही झाले नाही. का झाले नाही, हे मिस्त्रीला विचारायचे राहिले.

धरमतरची खाडी

भरती लागल्यावर खाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना तिवरे, त्यांच्या मागे मिठागरांचे पांढरे ढीग. थोडे आत आल्यावर वारा एकदम पडला. शीड ओल्या फडक्यासारखे लोंबू लागले. गलबत भरतीच्या जोरावर सरकत होते. ऊन होते.

वास मला पहिल्यांदा तेव्हा आला. सडक्या कांद्याचा. दामालाही आला. तो म्हणाला, उतरवताना एखाददुसरी गोणी खाली राहिली असेल, उन्हाने नासली. मिस्त्री नाळेवर झोपला होता.

मी म्हटले, "भावजी, उतरा आणि बघा. चांगले असतील ते निवडून घ्या."

ते मी म्हटले. दुसऱ्या कुणी नाही.

ताडपत्री बाजूला करून ते उतरले. खालून त्यांचा आवाज आला, गोणी दिसत नाही. मग म्हणाले की पेंढ्याखाली बघतो. मग जरा हसल्यासारखे झाले. मी विचारले, काय झाले? उत्तर आले नाही. मी वाकून पाहिले तर ते बाटल्यांवर पालथे होते. मला वाटले, शोधताहेत.

पोशाने माझ्याकडे पाहिले आणि फळ्यांतल्या तोंडातून खाली पाय सोडले. तो कमरेपर्यंत उतरला असेल, तेवढ्यात मागून मिस्त्री आला. धडपडतच आला. त्याने पोशाचे केस धरले आणि त्याला वर ओढून फळीवर आपटले. मग मागे पाहिले. राघो चहासाठी चुलीवर फुंकर घालत होता.

"चूल पाण्यात," मिस्त्री म्हणाला. ओरडला नाही. "आत्ता."

राघोला कळेना. दामाला काय कळले कुणास ठाऊक. त्याने दोन ढांगा टाकल्या आणि लाथ मारून चूल, निखारे, चहाचे भांडे सगळे खाडीत घातले. मग तोंडातली विडी पाण्यात टाकली.

त्यानंतर उपसणे सुरू झाले. लोखंडी बादली मिस्त्रीने घेऊ दिली नाही. लोखंडावर लोखंड घासले तर ठिणगी उडेल म्हणाला. लाकडाची दोन पात्रे, कातड्याचे तीन पोहरे, आणि मी शिडाच्या फाटक्या तुकड्याने वारा घालत होते. नंतर मीही पोहरा घेतला. पहिल्यांदा पोशा हसला. दामाने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि तोही उपसायला लागला. लहान पोरे भातुकलीत करतात तसे आम्ही रिकामी भांडी भरत होतो आणि रिकामी करत होतो. वास कमी होतो का ते मला कळत नव्हते. भांडे भरले की नाही ते कळत नव्हते. किती राहिले ते कळत नव्हते. गज घालून बघावा असे काहीच नव्हते.

थोड्या वेळाने मिस्त्रीने कमरेला दोर बांधला.

"अजून चाक कुठलं तरी उघडं आहे," तो म्हणाला. "त्याशिवाय एवढा साचत नाही. कुणी उघडलं होतं का?"

मी म्हणाले, "मी उघडले होते. तीन. डोलकाठीच्या बाजूचे."

त्याने माझ्याकडे पाहिले. पोशाच्या हातात दोर देऊन म्हणाला, दोन हिसके दिले की ओढा. मग छाती भरून घेतली, तोंड मिटले आणि उतरला.

आम्ही उपसणे थांबवले नाही. मी मनात आकडे मोजत होते, पण कुठे पोचले ते लक्षात नाही. दोरीला दोन हिसके बसले. पोशा, राघो आणि दामा ओढायला लागले. दोर जड होता. फळ्यांतल्या तोंडातून डोके वर आले ते हरीभावजींचे होते.

आम्हांला क्षणभर काही उमजेना. दोर मिस्त्रीला बांधला होता आणि वर आले हरीभावजी. दोर त्यांच्या बगलेखालून आवळलेला होता. खाली मिस्त्री बाटल्यांना टेकून बसला होता. एक हात चाकावर. मान छातीवर पडलेली.

त्याने असे का केले ते मला सांगता येणार नाही. त्या तोंडातून एका वेळी एकच माणूस येतो, हे एक. दुसरे म्हणजे, आधी स्वतः वर येऊन दोर परत घेऊन जायचा म्हणाला असता तर तेवढा वेळ हरीभावजींजवळ नव्हता. तो हे सगळे तिथे बसून ठरवत बसला असेल असे वाटत नाही.

दोराची गाठ भिजून घट्ट बसली होती. दामाने सुरीने दोर कापला. फास करून खाली टाकला, तो मिस्त्रीच्या डोक्यावरून दोनदा घसरला. मग पुन्हा उपसणे. या वेळी कुणी हसले नाही आणि कुणी काही विचारले नाही. माझी बोटे आधीच सोललेली होती, त्यांतून रक्त येत होते. शेवटी दामाने स्वतःला दोर बांधला. तो पाण्याखाली जाऊन नांगर सोडवणारा माणूस आहे, दम मोठा. तो उतरला आणि मिस्त्रीला खांद्यावर घेऊन तोंडाशी आला. आम्ही वरून ओढले.

चाक बंद होते. मी नंतर बघितले. तिन्हीतले मधले. मिस्त्रीने ते बंद केल्यावरच गाठ बांधली असणार.

दोघांना शेजारी शेजारी निजवले. हरीभावजींचे ओठ काळेनिळे होते. बुडालेल्या माणसाला करतात तसे दामा मिस्त्रीची छाती दाबत होता, राघो हरीभावजींची. बऱ्याच वेळाने हरीभावजींनी उचकी दिली, सगळा जवळा आणि भात बाहेर टाकला आणि डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले,

"वहिनी, कांदा नव्हता तिथे."

मग पुन्हा डोळे मिटले, पण श्वास चालू होता.

दामा धरमतर येईपर्यंत मिस्त्रीची छाती दाबत होता. वारा तोवर परत आला होता.

धरमतर आणि पुढे

पोयनाडहून डॉक्टर आले. त्यांनी मिस्त्रीचे डोळे उघडून पाहिले आणि हात धुतले. हवालदार कागद घेऊन बसला. त्याने दामाला विचारले, माणूस बुडाला का? दामा म्हणाला, नाही. जळला का? नाही. काही खाल्ले-प्यायले? नाही.

"मग कशाने मेला?"

"वाऱ्यात बुडाला," दामा म्हणाला.

हवालदाराला वाटले, तांडेल प्यालेला आहे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, हा म्हणतो ते बरोबर आहे, आणि बाटला मी उघडला होता, तेही लिहा. त्याने विचारले, का उघडला? मी म्हटले, माल आहे की नाही बघायला. त्याने काय लिहिले ते मला वाचून दाखवले नाही. मी अंगठा न लावता सही केली.

नागोठण्याला यशोदेला सांगायला मी गेले. दुसऱ्या कुणाला पाठवले नाही. ती ज्योतीसमोर बसली होती, हातात नळी होती. मी तिला बाजूला बोलावून सगळे सांगितले. वखार, गज, झाकण, कांदा, दोर. तिने हातातली नळी न सोडता ऐकले. शेवटी म्हणाली,

"तुम्हांला कुणी शिकवलं नव्हतं?"

"त्यानेच शिकवले होते," मी म्हणाले. "मी ऐकले नाही."

ती आत गेली. मी बाहेर उभी राहिले. तिने पुढ्यातली ज्योत विझवली, झालेल्या कुप्या पेटीत भरल्या, पेटी दुसरीच्या हातात दिली आणि मग घरी निघाली. मी तिच्या मागून चालत गेले. तिने मला ये म्हटले नाही आणि जा म्हटले नाही.

आता कारखाना गॅसवर चालतो. ज्योत निळी असते, कुपीला काजळी धरत नाही. बाटले मीच आणून देते. ते उभे येतात, कारण आडवा बाटला गळला तर फार गळतो हे आता कळले आहे, ट्रकने येतात, आणि मी वजन कागदावरचे धरते. तो पाणी की वारा, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. ज्याला सांगता येत होते त्याला मी धड विचारले नाही.

गलबतावर आम्ही सहा जण होतो. सदाशिव मिस्त्री मेला. दामा तांडेल, राघो, पोशा, हरीभावजी आणि मी जगलो.